घरात फुल रेंज, घाटात ठणठणाट: बेळगाव भागात डेटासाठी कुठल्या रस्त्याला कुठलं सिम?

शहापूरकर (धागाकर्ता)

मंडळी, काम घरून आणि कंपनी पुण्याची, त्यामुळे नेट गेलं की पोटावर पाय. शहापुरात घरी फायबर आहे, पण लाईट गेली की राऊटरही झोपतो. मग फोनचा हॉटस्पॉट. गल्लीत तो बरा चालतो. अडचण घराबाहेर पडल्यावर सुरू होते. आई-बाबा जांबोटीच्या पुढे गावी असतात, सासर गडहिंग्लजकडे, आणि पोरांना सुट्टी लागली की गोवा ठरलेला. तीन दिशांना तीन तऱ्हा. शहरात धावणारं सिम जांबोटी रस्त्याला मान टाकतं. माझ्याकडचं दुसरं सिम शहरात रडतं, पण घाटाच्या अलीकडपर्यंत इमानेइतबारे साथ देतं.

तर घरी एक आणि प्रवासाला दुसरं, अशी जोडी तुम्ही कशी लावलीय ते सांगा. एक विनंती. कंपन्यांची नावं घेऊन शिव्या नकोत. माझ्या गल्लीत ज्या कंपनीचा टॉवर डोक्यावर आहे तिचाच तुमच्या गल्लीत नसेल, त्यामुळे नावावरून कुणाला काही कळणार नाही आणि धाग्याचा आखाडा होईल. त्यापेक्षा गाव कुठलं, घरात की अंगणात, किती वाजता, हे लिहा. त्याचा उपयोग होईल.

कुंदाप्रेमी

अनगोळ. सकाळी सहाला पळतंय, रात्री नवाला गोल गोल फिरालंय. दांड्या तेवढ्याच. सगळी गल्ली त्याच वेळेला रील बघत बसती, दुसरं काय.

गणपती विसर्जनाच्या रात्री तर फोन नुसता घड्याळ म्हणून वापरायचा.

टॉवरमास्तर

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

पहिली गोष्ट, दांड्या बघून काही ठरवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. एकाच सिमला एका फोनवर चार आणि शेजारच्या फोनवर दोन दिसतात. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या ‘फोनविषयी’ भागात सिमची माहिती उघडली की बहुतेक फोनवर तो दिसतो. काही फोनवर *#*#४६३६#*#* डायल केल्यावरही उघडतो. ४जीला उणे ८०-८५ च्या आसपास असेल तर झकास. उणे १०० ला काम चालतं. उणे ११५ च्या खाली गेलं की दांडी दिसली तरी फोटो जाणार नाही. आकडा उणे आहे हे विसरू नका, म्हणजे ८० हा ११० पेक्षा चांगला.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ या खालच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात, पण त्यांच्यात डेटा कमी मावतो. २३०० किंवा ५जीच्या ३५०० च्या आसपासच्या वरच्या लहरींत डेटा भरपूर मावतो, पण त्या जवळच संपतात आणि भिंतीला हरतात. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथं वरचा पट्टा तुम्हाला पळवतो. जांबोटी रस्त्याला मैलोन्मैल एक टॉवर, तिथं ज्याच्याकडे खालचा पट्टा आणि उंचावरचा टॉवर आहे तोच पोचतो. शहापूरकर, तुमच्या दोन सिमचा स्वभाव उलटा का, त्याचं उत्तर बहुधा यातच आहे.

कुंदाप्रेमी, तुमचं रात्री नवाचं दुखणं निराळं. तिथं सिग्नल आहे, पण टॉवरच्या एका भागावर (त्याला सेल म्हणतात) माणसं फार झालीत. त्याला दांड्या काय करणार? एसटीत जागा नाही म्हणून स्टँड लांब होत नाही.

कडोलीची लेक

काका, घरातल्या घरातसुद्धा फरक पडतो त्याचं काय? आमचं जुनं घर आहे, मातीच्या जाडजूड भिंती, वर मंगलोरी कौलं. सोप्यात उणे ९२, माजघरात उणे १०८, स्वयंपाकघरात सिम आहे की नाही तेच कळत नाही. आणि परड्यात गोठ्याजवळ गेलं की परत उणे ८८. भावाच्या नव्या स्लॅबच्या घरातही फार वेगळं नाही.

आई फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवते आणि मग म्हणते मुलगी फोन करत नाही.

टॉवरमास्तर

भिंत जाड, त्यात ओल, वर पत्रा असेल तर अजून वाईट. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल वरून येतच नाही, दारा-खिडकीतून जेवढा येईल तेवढा. उपाय दोन. घरात वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करा. मग कॉल टॉवरवरून न जाता ब्रॉडबँडवरून जातो, आईंचा फोन देव्हाऱ्यापाशीही वाजेल. फक्त फोन आणि कंपनी दोन्हीकडे ती सोय पाहिजे. वायफाय नसेल तर टॉवर ज्या दिशेला आहे त्या बाजूच्या खिडकीत फोन ठेवायचा आणि हॉटस्पॉट घरात ओढायचा.

बाजारात मिळणारा सिग्नल वाढवणारा बूस्टर घेऊ नका. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे आणि त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांची रेंज बिघडते.

जांबोटी_फाटा

शहापूरकर, तुमच्या आई-बाबांच्या गावच्या अलीकडे-पलीकडेच मी राहतो असं समजा.

आमच्याकडं खिडकीची पद्धत जुनीच हाय. पावसाळ्यात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंडाला रबर बांधायचं, आणि सोप्याच्या बाहेरच्या खुंटीला टांगायचा. हॉटस्पॉट चालू. पोरगं आत घोंगडं पांघरून क्लास ऐकतंय. पिशवी साधी पातळ पाहिजे, चकचकीत चांदीची नको, तसल्या पिशवीत रेंज अडती. फोन टांगताना तोंड खाली, म्हणजे पाणी रबराकडनं आत जाईना. चार्जिंगची वायर खिडकीच्या फटीतनं. हे सगळं लाईट असली तर. जून लागला की लाईटचा भरवसा नाही, आणि लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरबी जातोय.

रेशनच्या दुकानाची गंमत सांगतो. अंगठ्याचं मशिन. दुकानात रेंज नाही. दुकानदार मशिन घेऊन मारुतीच्या देवळामागच्या उंचवट्यावर जातोय, मागनं म्हाताऱ्या-कोताऱ्या रांगेत. अंगठा वर टेकायचा आणि तांदूळ खाली येऊन घ्यायचा. ज्याचा अंगठा झिजलाय त्याला परत वर चढाय लागतंय. ५जी-५जी करत बसलेल्यांनी एकदा आमच्या उंचवट्यावर यावं.

शहापूरकर (धागाकर्ता)

जांबोटी_फाटा, आमच्या गावातही हेच, फक्त आमच्याकडं देवळाऐवजी शाळेची गच्ची. टॉवर लाईटबरोबर का जातो? त्याला बॅटरी असते ना?

टॉवरमास्तर

असते. पण ती काही तासांची. पुढं जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. कणकुंबीच्या बाजूला पावसात झाड पडून लाईन दोन-दोन दिवस तुटली की डिझेल घेऊन जाणाऱ्या गाडीलाही रस्ता पाहिजे. आणि सगळेच टॉवर जमिनीखालच्या फायबरला जोडलेले नसतात. कित्येक ठिकाणी एका टॉवरवरून दुसऱ्याकडे तबकडीनं सिग्नल उडवतात. साखळीतला मधला बसला की पुढचे सगळे बसले. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात आणि नेट शून्य, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. फायबर असला तर रस्ता रुंद करणारा जेसीबी आहेच.

भीमगडच्या जंगलातल्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. ते २०११ मध्ये अभयारण्य झालं. गवाळी, कृष्णापूर, आमगाव, पास्टोली अशा गावांत तुरळक घरं. टॉवर उभारायचा तर वनखात्याची परवानगी, लाईनची परवानगी, आणि गिऱ्हाईक मूठभर. खाजगी कंपनी आपणहून तिथं जाणार नाही. म्हणून केंद्रानं जुलै २०२२ मध्ये ४जी न पोचलेल्या गावांसाठी योजना मंजूर केली. देशभरातली २४,६८० गावं, खर्च २६,३१६ कोटी, आणि काम बीएसएनएलकडे.

निपाणीकर

हायवेची बाजू मी सांगतो, रोजचा आहे. बेळगाव ते कोल्हापूर रस्त्याला नेटची तक्रार करणारा उगाच करतो. काकती सोडलं, वंटमुरीचा घाट आला की जरा हलतं. संकेश्वरपर्यंत निवांत. तवंदी घाटात वळणावर अर्धा मिनिट. कोगनोळी टोलच्या पुढं सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग, कर्नाटकचा वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा) बदलतं तेव्हा एक झटका. कानाला फोन असेल तर कॉल तुटतो, गाणं चालू असेल तर कळतसुद्धा नाही. बाकी सगळं मोकळं.

त्यामुळं हायवेला कुठलं सिम चांगलं ही चर्चाच फुकट आहे. सगळी चांगली. फरक हायवे सोडल्यावर पडतो. गडहिंग्लजवरून आजरा, आंबोलीकडं वळा, मग बोला.

शिनोळी_शिफ्ट

बेळगावहून रोज शिनोळीला कामाला जातो. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, आणि मग महाराष्ट्र. आमच्याकडं एक अडचण आहे जी तुमच्यातल्या कुणाला माहीत नसेल. कंपनीत गेलो की डेटा बंद. कॉल येतो-जातो, डेटा नाही. कित्येक जण सिमला शिव्या घालत बसले होते.

कारण निघालं ‘डेटा रोमिंग’चं बटण. सिम कर्नाटक सर्कलचं, टॉवर चंदगड तालुक्यातला म्हणजे महाराष्ट्र सर्कलचा. पैसे आता काही जास्त लागत नाहीत, पण फोनला वाटतं परगावी आलो, आणि ते बटण बंद असेल तर तो डेटा अडवून धरतो. चालू केलं की सुरळीत. वर कोपऱ्यात इंग्रजी ‘आर’ दिसत असेल तर समजायचं.

बाची, कुद्रेमानीकडचे लोक घरात बसून रोमिंगमध्ये असतात. सकाळी कर्नाटक, जेवायला महाराष्ट्र. सारखं इकडून तिकडं उड्या मारून फोन तापतो, बॅटरी जाते. माझा उपाय असा: सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवरून काढून हातानं आपल्या बाजूचं निवडायचं. फक्त लांब जाताना परत ऑटोमॅटिक करायचं, नाहीतर कोल्हापुरात ‘नो सर्व्हिस’ बघत बसाल.

कुंदाप्रेमी

ह्याला सीमाप्रश्न म्हणतात बघा. लहरींना कळलंय, माणसांना नाही.

निपाणीकर

तो विषय इथं नको रे बाबा, त्याला पन्नास धागे आहेत.

पण शिनोळीवाल्यांनी जुने दिवस आठवून दिले. पूर्वी सर्कलच्या पलीकडं गेलं की आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. कागलला पाहुण्याकडं जेवायला गेलं तरी बॅलन्स खाल्ला जायचा. आमचे व्यापारी सरळ दोन फोन ठेवायचे, एक निपाणीचा आणि एक कोल्हापूरचा, आणि कोगनोळीला खिसे बदलायचे. कोल्हापूरचा नंबर लावताना आधी शून्य. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते रोमिंग फुकट घेऊन, आणि एप्रिल २०१७ पासून एअरटेलनंही देशातलं रोमिंग काढून टाकलं. जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून सर्कलही बदलता यायला लागलं. पण सवय जाता जात नाही, आमच्या तंबाखूच्या वखारीत अजून दोन-दोन फोन दिसतात.

घाटवाट

गोव्याला बाईकनं जाणारा माणूस. माझं ऐका.

चोर्ल्यानं जाणार असाल तर जांबोटी सोडल्यावर डेटा हा प्रकार आहे असं धरूच नका. कणकुंबीत थोडी झुळूक येते. पुढं घाटात, साखळीकडे उतरेपर्यंत, कुठलंही सिम घ्या, तुकड्या-तुकड्यानं मिळतं आणि नको तिथं जातं. रामनगर-अनमोड रस्त्यालाही जंगलात तेच, मोलेम उतरलं की हळूहळू फोन शुद्धीवर येतो. आंबोलीत गावात आहे, घाटात धुकं आणि ठणठणाट दोन्ही.

म्हणून इथं दोन सिमपेक्षा घरची तयारी महत्त्वाची. नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. जीपीएसला डेटा लागत नाही, तो उपग्रहावरून येतो, त्यामुळे उतरवलेला नकाशा घाटातही तुम्हाला बरोबर दाखवतो. खिशात रोख ठेवा, घाटातल्या टपरीवर चहा पिऊन क्यूआर कोडसमोर फोन हलवत उभे राहिलेले लोक मी बघतो दर वेळी. आणि निघताना घरच्यांना सांगा की अमक्या वेळापर्यंत फोन लागणार नाही. पावसात घाटात गाडी बंद पडली तर ११२ लावून बघा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पोचत असेल तर तो कॉल त्यावरून जातो. कुठलाच पोचत नसेल तर मात्र चालत पुढच्या वळणापर्यंत.

नगरगाळी_पॅसेंजर

रेल्वेवाल्यांना विसरलात. बेळगाव ते लोंढा रोजचा प्रवास.

खानापूरपर्यंत व्हिडिओ. खानापूर सोडलं की रेल्वे रस्त्यापासून लांब जाते, झाडी दाट होते, आणि टॉवर असतात रस्त्याच्या नि गावाच्या कडेला. गुंजी स्टेशनवर जेमतेम मेसेज जातो. लोंढ्याला परत जीव येतो. लोंढ्यापुढं कॅसलरॉक, दूधसागरकडे गेलात तर बोगदे आहेत, तिथं काय मागणार.

गाडीच्या डब्याचाही फरक पडतो. स्लीपरमध्ये उघड्या खिडकीशी जे मिळतं ते एसीच्या बंद काचेआड मिळत नाही. लोखंडी डबा, त्यात काचेला थर. मी दाराजवळ उभा राहून मेल पाठवतो आणि परत आत येतो. (दारात लटकू नका, आत उभं राहूनही जातो.)

उलट बाजूला, मिरजेकडं, पाच्छापूर, घटप्रभा, रायबाग, कुडची हा सगळा सपाट माळ. तिथं रेंज टिकते. त्यामुळं पुण्याला जाताना मिटिंग घ्यायची असेल तर घटप्रभेनंतरची वेळ द्या, माझा तरी तोच शिरस्ता.

फौजी_घर

मी फार लिहीत नाही इथं, पण हे सांगावंसं वाटलं. आमचे हे मराठा लाईटमध्ये. आपल्या भागात घराआड एक तरी जवान असतोच. सुट्टी संपवून पोरं जम्मू-काश्मीरला जातात आणि घरच्यांचा फोन लागत नाही. घरात काळजी. कारण एवढंच असतं की बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम तिकडं चालतच नाहीत, पोस्टपेड चालतात. बेळगावात कितीही महागाचा रिचार्ज मारा, पठाणकोटच्या पुढं त्याचा उपयोग नाही. जाण्याआधी इथूनच सिम पोस्टपेड करून घ्या, नंबर तोच राहतो. नाहीतर तिकडं गेल्यावर तिकडचं सिम घ्यावं लागतं आणि बँकेचे ओटीपी इथल्या बंद पडलेल्या नंबरवर येत राहतात. हा त्रास आम्ही काढलाय.

शहापूरकर (धागाकर्ता)

वहिनी, हे फार कामाचं लिहिलंत. माझा मावसभाऊ पुढच्या महिन्यात तिकडंच जातोय, आजच कळवतो.

कडोलीची लेक

एक विचारू? कंपन्यांच्या साईटवर आता कव्हरेजचे नकाशे असतात. ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, ते सक्तीचं केलंय ना? मी आमचं गाव बघितलं तर सगळं रंगवून टाकलंय, ५जीसुद्धा. परड्यात उभं राहून बघितलं तर ५जीचं चिन्ह एकदा येतं आणि लाजून जातं.

टॉवरमास्तर

केलंय. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-दर्जाच्या नियमांत ते आहे. नकाशा बघावा, पण कसा ते सांगतो. तो मोकळ्यावरचा असतो. तुमचं माजघर त्यात नाही. आणि तो बराचसा गणितानं काढलेला अंदाज असतो. त्यामुळे नकाशात जिथं रंग नाही तिथं रेंज नाही हे जवळजवळ पक्कं. जिथं रंग आहे तिथं आहेच असं नाही. नकाशा नकार द्यायला वापरा, होकार द्यायला नको.

५जी नुसत्या चिन्हावरून मोजू नका. २०२२ च्या लहरींच्या लिलावात खाजगी कंपन्यांपैकी ७०० चा पट्टा जिओनंच घेतला. बाकीच्यांचं ५जी मुख्यतः ३५०० च्या आसपास. कडोलीसारख्या गावात टॉवर थोडा लांब असेल तर वरच्या पट्ट्याचं ५जी काठावर येऊन जातं, आणि फोन ४जी-५जी करत बॅटरी खातो. अशा ठिकाणी सरळ ४जीवर ठेवा, वेग जास्त मिळेल असं मी म्हणत नाही, पण टिकून मिळेल.

स्वतः मोजायचं असेल तर ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप आहे. दुपारी एकदा आणि रात्री नवाला एकदा बघा, एकाच जागी. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर गर्दी, दोन्ही वेळा वाईट तर सिग्नल. पहिल्याला कंपनी बदलून फायदा होतो, दुसऱ्याला कधी कधी नुसती खोली बदलून.

जांबोटी_फाटा

मास्तर, मग बीएसएनएलचं सिम घेऊ का? जुलै २०२४ ला खाजगीवाल्यांनी दर वाढवल्यावर आमच्याकडचे बरेच तिकडं गेले. काही परत आले.

टॉवरमास्तर

मी त्या खात्याचा माणूस, म्हणून माझं मत अर्ध्या किमतीत घ्या. त्यांचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर रीतसर सुरू झालं. ते ७०० आणि २१०० च्या पट्ट्यांवर चालतं. तुमच्या फोनमध्ये ७०० चा पट्टा, म्हणजे बँड २८, नसेल तर टॉवर समोर असूनही लांबून पकडणार नाही. आणि सिम जुनं २जी-३जीचं असेल तर ४जीचं बदलून घ्यावं लागतं. परत आलेल्यांपैकी किती जणांनी हे दोन्ही बघितलं होतं, विचारा.

आणखी एक. सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर जानेवारी २०२५ पासून बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांचीही ४जी सिम चालावीत अशी सोय सुरू केली आहे. देशात असे टॉवर सुमारे २७ हजार. तुमच्या पंचक्रोशीत नवा टॉवर उभा राहिला तर तो कुठल्या निधीतला ते ग्रामपंचायतीत विचारा. त्या निधीतला असला तर सिम बदलायची गरजच पडणार नाही.

शिनोळी_शिफ्ट

मी म्हणतो एवढा खटाटोप कशाला? एकाच कंपनीची दोन सिम घेणारे लोक बघितलेत मी. एकाचा डेटा संपला तर दुसरं म्हणून. टॉवर गेला की दोन्ही गेली. दुसरं सिम घ्यायचंच तर दुसऱ्या कंपनीचं घ्या.

निपाणीकर

आणि दुसऱ्या सिमला पूर्ण डेटाचा रिचार्ज कशाला? घाटात डेटा मिळणारच नसेल तर पैसे कशाचे देता. जानेवारी २०२५ पासून नुसते कॉल आणि मेसेजचे पॅक आलेत, तसलं ठेवायचं. निकडीच्या वेळी कॉल लागला म्हणजे झालं. घाटवाट काय म्हणतात?

घाटवाट

अर्धं पटतं. पण शहापूरकरांना गावाहून काम करायचं असतं, त्यांना डेटा लागणार. माझ्यासारख्याला पुरेल.

एक लक्षात ठेवा, दुसरं सिम कॉलसाठी ठेवणार असाल तर ज्या कंपनीकडे २जी अजून आहे ती बघा. जिओचं सगळं ४जी-५जीवर चालतं, कॉलसुद्धा. तिथं ४जी गेलं की बोलणंही गेलं. २जी असलेल्याचा कॉल कधी कधी उणे ११० लाही धावतो, आवाज पिंपातून आल्यासारखा आला तरी.

शहापूरकर (धागाकर्ता)

सगळं वाचून असं ठरवलंय. शहरातलं सिम आहे तसं. शाळेच्या गच्चीवर या रविवारी बाबांचा, माझा आणि शेजारच्या काकांचा फोन घेऊन बसतो. तीन वेगवेगळ्या कंपन्या, तिघांचेही डीबीएम, आधी गच्चीवर आणि मग घरात सोप्यात. जे सोप्यात उणे १०५ च्या आत येईल ते गावचं सिम. माझं दुसरं सिम त्यात बसलं नाही तर पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. गोव्याला जाताना घाटवाटांचं ऐकून नकाशा उतरवून घेणार आणि बायकोला फोन न लागण्याची पूर्वसूचना देणार.

पोर्ट करायला काय लागतं आता? गेल्या आठवड्यात तेच सिम खराब झालं म्हणून बदलून आणलंय.

टॉवरमास्तर

मग रविवारी लगेच अर्ज करू नका, आधी दिवस मोजा. सिम बदलल्यापासून सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही, जुलै २०२४ पासूनचा नियम आहे, फसवणूक रोखायला. सात दिवस झाले की ‘पोर्ट’ लिहून जागा सोडून आपला नंबर, १९०० वर. मेसेज इंग्रजी अक्षरांतच. कोड येतो तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले पाहिजेत. सर्कल तेच असेल तर तीन कामाचे दिवस, बदलत असेल तर पाच. तुम्ही कर्नाटकातच राहताय, तीनच धरा. त्या तीन दिवसांत मधे केव्हातरी थोडा वेळ सिम मुकं होतं, तर त्या दिवशी पुण्याची मिटिंग ठेवू नका.

जांबोटी_फाटा

गच्चीवरचे आकडे इथं टाका शहापूरकर. आणि जूनमध्ये परत एकदा मोजा, पानं भरल्यावर. आता उन्हाळ्यात झाडं मोकळी हायत, आत्ताचं उणे १०० पावसात राहतंय का बघाय पाहिजे.